दार बंद असल्याची नोंद

लेखकांच्या यादीतलं तिसरं नाव काढायचं होतं. काम साधं होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत सहरने अशी शेकडो नावं काढली होती, घातली होती, वर-खाली केली होती. संपादकीय कार्यालयाने त्या नावावर आधीच तांबडी रेघ ओढली होती आणि बाजूच्या चौकटीत टीप लिहिली होती: लेखक क्रमांक तीनची संमती नाही, पाठवलेली मेल परत आली, आज संध्याकाळी सहापर्यंत संमती न आल्यास नाव वगळावे. तिने सवयीने माउस नावावर नेला आणि मग नाव वाचलं. एस. मुकादम. मुकादम काय, रायगडात गावोगाव आहेत, श्रीवर्धनच्या एका आळीतच चार घरं. असेल कुणी सलमा, असेल कुणी सईद, असं स्वतःला समजावत तिने पान खाली सरकवलं आणि तिसरी आकृती उघडली. आकृतीतली रेघ जिथे उतरायला हवी तिथे वर चढत होती. ती चढण जगात एकाच माणसाने हाताने आलेख-कागदावर काढली होती, पेन्सिलीने, जीभ दातांत धरून, आणि ते माणूस या घडीला जुईनगर स्टेशनसमोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एसीच्या गारठ्यात शाल पांघरून बसलं होतं. सहरने उगाचच शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. गीतांजली कानात इअरफोनची बोंडं घालून कुठल्यातरी निबंधाचे संदर्भ लावत होती. कुणी काही पाहिलं नव्हतं, आणि पाहण्यासारखं काही नव्हतंही; एक बाई पडद्याकडे बघत होती, एवढंच.

जगभरचे विद्वान जे लिहितात ते छापण्याआधी तिच्या कंपनीत येतं, हे तिच्या आईला अजून पटलेलं नाही. आईच्या मते ती टायपिंग करते. आईचं फार चुकत नाही म्हणा. स्वल्पविराम, संदर्भांची यादी, आकृत्यांचे क्रमांक, नावातलं आडनाव कुठलं आणि बापाचं कुठलं. शंका आली तर लेखकाला क्रमांक घालून प्रश्न पाठवायचा. मजकुराच्या खरेखोटेपणात पडायचं नाही, तो आपला प्रांत नव्हे, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि सहरने ते गाठीला बांधलं होतं. आज सकाळपासून तिच्या रांगेत आधी कायद्याचा एक लेख होता, आरोपीने मागे घेतलेल्या कबुलीजबाबाला पुरावा म्हणून किती वजन द्यावं यावर. मग युवक-विकासाचा, सोळाशे मुलामुलींच्या पाहणीवर. मग प्रथिनांच्या घड्यांवरचा एक, आणि त्यामागे हा पॉलिमरचा. अकरा वर्षांत तिने इतकं वाचलं होतं की पाच विषयांत बोलता आलं असतं, पण बोलणार कुणाशी? उलव्यात नवव्या मजल्यावर एक खोली-किचनचा फ्लॅट, खिडकीसमोरून आता विमानं जातात. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचे मेसेज, आणि शेजारी एक गुळगुळीत कुलूपबंद दार, ज्याचा मालक दुबईत असतो. तिला त्याचं दुःख होतं असं नाही. एकटेपणाला ती सरावली होती, माणूस चष्म्याला सरावतो तशी; फक्त कधीतरी चष्मा काढल्यावर नाकावरचे वळ दुखतात.

युवकांच्या त्या पाहणीत अकरावा प्रश्न होता: तुम्ही अडचणीत सापडलात तर पहिला फोन कुणाला कराल? सकाळी तक्त्यातल्या टक्केवारीची बेरीज शंभर होते का ते बघताना तिने स्वतःसाठीही उत्तर शोधून पाहिलं होतं, आणि तिला ‘इतर’ या रकान्यातसुद्धा बसता आलं नव्हतं.

आणि आता हे. शीर्षकात मासळीच्या कातडीचं जिलेटिन होतं. त्या कातड्या ती आणायची, बारा वर्षांपूर्वी, पीएच.डी. करताना. जयप्रकाश कुरतडकर सरांच्या प्रयोगशाळेत सगळे डुकराचं नाहीतर गुराचं जिलेटिन डब्यातून विकत घेऊन वापरत, आणि सहर मुकादम रविवारी घरी श्रीवर्धनला गेली की बंदरावरून घोळ-दाढा माशांच्या कातड्या मागून आणायची, बर्फात घालून, तीन पिशव्यांत गुंडाळून, तरी एसटीत दोन सीट मोकळ्या व्हायच्या. जखमेवर लावायची पट्टी बनवायची होती, ओली झाली तरी न फाटणारी. सर म्हणायचे, "तुमच्याकडे मासा टाकून देतात ते आपण शास्त्र म्हणून उचलतो. गमतीची गोष्ट आहे की नाही?" सर हसायचे ते गळ्यातल्या गळ्यात, आणि रागावत कधीच नसत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढे फार वाटलं. त्यांचा एकच नियम होता. नोंदवही. दर अर्ध्या तासाने उठायचं, पट्ट्या सुकवण्याच्या कक्षापाशी जायचं, काचेतून बघायचं, तापमान आणि दार बंद असल्याची नोंद करायची आणि पुढे सही. "वहीला तोंड असतं, डोळे नसतात," ते नव्या मुलांना सांगत. "डोळे तुमचे."

गुरुवार होता, ऑगस्ट महिना, हवा इतकी दमट की कागद हाताला चिकटत होते. बॅच सतरा. दोन वाजून पाच मिनिटांनी तिने सुकवण्याच्या कक्षाचं दार उघडून पातळ पट्ट्यांकडे नजर टाकली, तेवढ्यात फोन वाजला. आत रेंज धड नसायची. ती बोलत बोलत व्हरांड्यात गेली. त्या दाराला खाली गुडघ्याने दाबावं लागे, नाहीतर ते हळूच चार बोटं उघडं राही, आणि गुडघ्याने दाबल्याचं तिला आठवत नव्हतं, कारण दाबलंच नव्हतं. परतली तेव्हा दार तसंच होतं आणि वहीत अडीचची ओळ कोरी. तिने दार लावलं. पेन उचललं. ‘२.३०. दार बंद. ४० अंश.’ सही. इतकं सहज झालं ते. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. कोरी ओळ वाईट दिसत होती म्हणून. पुढे बॅच सतराच्या पट्ट्या पाण्यात घातल्या, तर त्या विरघळायच्या सोडून चिवट झाल्या, ओढून तुटेनात. सरांनी तिला पेढे आणायला पाठवलं. हैदराबादच्या परिषदेत त्यांनी तिचा आलेख पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, हे आमच्या मुकादमचं.

मग बॅच अठरा, एकोणीस, वीस. अठ्ठाविसापर्यंत. प्रत्येक वेळी दार घट्ट बंद, दर अर्ध्या तासाने खरीखुरी नोंद, आणि प्रत्येक वेळी पट्टी पाण्यात घातली की नाकातल्या शेंबडासारखी व्हायची. सर जिलेटिन बदलून बघत, पाणी बदलून बघत. सहरला कारण ठाऊक होतं. दुसऱ्याच आठवड्यात तिला कळलं होतं, आंघोळ करताना, आणि ती ओल्या अंगाने तशीच उभी राहिली होती. सांगायचं म्हटलं तर एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याआधी दुसरं एक वाक्य सांगावं लागलं असतं, मी वहीत खोटं लिहिलं, आणि ज्या माणसाने आपल्या नोंदींवर हैदराबादेत मान ताठ केली त्याला ते कसं सांगायचं? एकदा बरोबरच्या मुलाने आडून सुचवलं की मूळ प्रयोगातच काहीतरी घोळ असेल. सर म्हणाले, "तिच्या नोंदी आहेत ना? मग घोळ निसर्गाचा." डिसेंबरात बाबा गेले, हृदयाचा झटका, दुकानातच. ती घरी गेली आणि परत आलीच नाही. घरी आता माझी गरज आहे, असं तिने पत्रात लिहिलं. भाऊ सादिक होता, दुकान बघत होता, आई धडधाकट होती. तिची गरज कुणालाच नव्हती. मेलेल्या बापाची सबब केली, आणि ती सगळ्यांना पटली, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. सिम बदललं. संस्थेचा मेल पत्ता आपोआप बंद झाला. माणूस नाहीसं व्हायला फार काही करावं लागत नाही, चार महिने उत्तर दिलं नाही की झालं.

दोन वाजता आईचा फोन आला. रोज दोनला येतो. "जेवलीस? सादिकनं कोलंबी आनली हाय, तुजी आठवन झाली." "आई, मीटिंगमध्ये आहे गं." "बरं बरं, ठेव, काम कर." समोर मीटिंग नव्हती, डबा होता, न उघडलेला. फोन एक मिनिट चार सेकंदांचा झाला. आकडा बघण्याची ही तिची खोडी जुनी होती.

तिने निबंध पहिल्यापासून वाचायला घेतला, कामाचा म्हणून नव्हे, लायब्ररीत चोरून वाचावं तसा. पहिलं नाव श्रुती नावाच्या कुणा मुलीचं, दुसरं कुरतडकर सरांचं, मग तांबडी रेघ. श्रुती बहुधा तेव्हा शाळेत असेल. सर निवृत्त झाले असणार, सत्तरी ओलांडली असणार, आणि तरी बॅच सतरा त्यांनी सोडली नव्हती. बारा वर्षं. त्यांनी पाणी बदललं होतं, मासा बदलला होता, शेवटी त्या ऑगस्टमधली हवेतली आर्द्रता वेधशाळेच्या जुन्या तक्त्यांतून काढली होती आणि कक्षात मुद्दाम दमट हवा सोडून पाहिली होती. पट्टी चिवट झाली. ओलसर हवेत सुकणं लांबतं आणि प्रथिनाच्या उसवलेल्या साखळ्यांना पुन्हा एकमेकींत गुंतायला वेळ मिळतो, असं त्यांनी आकृत्यांनिशी दाखवलं होतं. म्हणजे चूक ही चूक नव्हतीच, शोध होता. आणि तो तिच्या न दाबलेल्या गुडघ्याने लावला होता. हसावं की रडावं कळेना. मग चौथ्या पानावर ते वाक्य आलं. मूळ नोंदवहीत दार बंद असल्याची नोंद आहे. तरीही बॅच सतराचे गुणधर्म पाहता दार वीस ते पन्नास मिनिटे उघडे राहिले असावे, असा आमचा तर्क आहे.

म्हणजे सरांना कळलं होतं. कधी कळलं कोण जाणे, पण कळलं होतं, आणि कळल्यावरही त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, तिसऱ्या जागी लिहिलं होतं. नाव काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. रेघ होतीच ओढलेली. एक कळ दाबली की नाव गेलं, कुणी विचारलं नसतं, सहा वाजता नियमाप्रमाणे ते जाणारच होतं. आणि ठेवायचं तर हात वर करून सांगायचं: मी आहे, जिवंत आहे, इथे जुईनगरला बसून तुमचे स्वल्पविराम लावते, आणि त्या दुपारी मी खोटं लिहिलं. ती दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली आणि दोन्हीकडे तिला आपलीच कीव आली. सकाळच्या कायद्याच्या लेखात म्हटलं होतं, कबुली दबावाखाली दिलेली नसावी, आमिषापोटी दिलेली नसावी. तिच्या कबुलीला आमिष होतं की. एका निबंधावर तिसरं नाव. हे आमिष नसतं तर तिने तोंड उघडलं असतं का? बारा वर्षांत तर उघडलं नव्हतं. कर्सर नावावर लुकलुकत होता. साडेतीन वाजले. खालच्या चहावाल्याकडे जाऊन ती चहा न पिता परत आली.

तिच्या गटाचा लीड पार्थ, वय एकोणतीस, सतत खुर्चीत अर्धा फिरलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पार्थ, ही फाइल माझ्याकडून काढून घे."

"का मॅम? आज सहाला जायचीय ती. टेन्शन नका देऊ यार."

"यातलं तिसरं नाव माझं आहे."

त्याने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तुमी? म्हणजे... तुमी सायंटिस्ट होता? कधी बोललात नाय."

"नव्हते. होता होता राहिले."

"मग कन्सेंट टाका ना मॅम, सिंपल. फाइल मी गीतांजलीला देतो. कॉन्ग्रॅट्स हां!" त्याने खरंच हात पुढे केला. तिने तो हातात घेतला, आणि कितीतरी दिवसांत आपण कुणाच्या हाताला हात लावलेला नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि हात सोडायला एक क्षण उशीर झाला. पार्थने तो पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

श्रुतीचा पत्ता निबंधातच होता. सहरने मेल लिहिली ती अकरा वर्षांच्या सवयीने मुद्दे काढून. मी सहर मुकादम. माझी संमती आहे. पान चार, ओळ नऊ: तर्क बरोबर आहे. दार उघडं होतं, चौतीस मिनिटं. नोंद मी मागाहून, न पाहता केली. ती खोटी आहे. सरांना सांगावं की मला हे तेव्हाच माहीत होतं. यानंतर माफीचं एक वाक्य तिने तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं, कारण तिन्ही वेळा ते दुसऱ्या कुणाच्या लेखातून उचलल्यासारखं वाटलं. माफी न मागता तिने मेल पाठवून दिली. मग ती हात मांडीवर ठेवून बसली, तोंडी परीक्षेनंतर दाराबाहेर बसवतात तशी. गीतांजली कानातली बोंडं काढून म्हणाली, "मॅम, तुमची फाइल आली माझ्याकडे. नाव ठेवू ना?" सहर म्हणाली, "जरा थांब."

पाचला दहा कमी असताना उत्तर आलं. श्रुतीने लिहिलं होतं: मॅडम, सर आज इथेच आले आहेत. तुमची मेल मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग एवढंच म्हणाले, तिला विचार, चौतीस कशावरून? तीस का नाही, चाळीस का नाही? खोट्या नोंदीच्या जागी दुसरा आकडा घ्यायचा तर त्याला आधार हवा, असं सर म्हणतात.

सहरला आधी राग आला. बारा वर्षं जिवाला लावून घेतलेली गोष्ट तिने ओतली होती आणि म्हातारा पुरावा मागत होता. तू कुठे होतीस नाही, कशी आहेस नाही. मग तिला हसू आलं, डोळे भरून आले, कारण सर तिच्याशी बोलत होते, अगदी तसेच बोलत होते, मधली बारा वर्षं जणू चहाला जाऊन आल्यासारखी. प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. उत्तर तिला पाठ होतं. त्या दुपारी फोन ठेवल्यावर त्याच्या पडद्यावर आकडा आला होता, चौतीस मिनिटं दहा सेकंद. बाबांचा फोन होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते दुकानासाठी सळ्या घ्यायला आले होते आणि ट्रक भरेपर्यंत त्यांना वेळ घालवायचा होता, म्हणून त्यांनी तिला धरलं होतं. असंच ती स्वतःला सांगत आली होती. बाबांनी मला बोलण्यात गुंतवलं. बाबांच्या रिकाम्या गप्पांपायी माझं शिक्षण गेलं. हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांची आठवण आली की आधी हा आकडा यायचा आणि आठवण तिथेच थांबायची. ती त्या फोनच्या आत कधी गेलीच नव्हती.

आता पहिल्यांदा गेली. व्हरांड्यातली दमट हवा, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, आणि कानात बाबांच्या मागे लोखंड आदळल्याचा आवाज. कामात हाईस काय? ठेवू? हे त्यांचं पहिलंच वाक्य होतं. नाही हो बाबा, बोला ना. मग त्यांनी क्लीनरने चहात दोनदा साखर घातल्याचं सांगितलं. मग म्हणाले, बरं ठेवतो, तुजा खोळंबा नको, मना काय, ट्रक भरेस्तोवर बसलोय. आणि ती म्हणाली होती, थांबा ना. हॉस्टेलच्या खोलीत त्या आठवड्यात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मासळीच्या वासावरून खोलीतल्या मुलीने मेट्रनकडे तक्रार केली होती. आणि कानाला लागलेला तो आवाज तिला सोडवत नव्हता. तिनेच विचारलं होतं, बंदरावर काय चाललंय, नूरीआत्याचा पाय कसा आहे, मांजरीला पिल्लं झाली का. मांजरीला चार झाली होती. तिने त्यांचे रंग विचारले होते. दार उघडं आहे हे तिला आठवलं होतं, पिल्लांच्या रंगांपाशी आठवलं होतं, आणि ती तरी विचारत राहिली होती.

पाच चाळीसला तिने उत्तर लिहायला घेतलं. फोन माझ्या वडिलांचा होता. ठेवल्यावर पडद्यावर वेळ पाहिली, ३४ मिनिटे १० सेकंद. सरांना हवा तो आधार एवढाच होता. इथे पूर्णविराम देऊन पाठवायला हरकत नव्हती. तिने पुढे लिहिलं: ते दोनदा ठेवतो म्हणाले. मी ठेवू दिला नाही. दार उघडं आहे हे मला ठाऊक होतं, पण मला त्यांच्याशी बोलायचं होतं. दुसऱ्या कुणाच्या लेखात ही तीन वाक्यं आली असती तर तिने विषयाला सोडून म्हणून तांबड्याने कापली असती. तिने ती तशीच राहू दिली, मेल पाठवली आणि गीतांजलीला सांगितलं, "ठेव नाव."

मग शाल खुर्चीवर टाकून ती जिन्याच्या खिडकीशी गेली, तिथे रेंज चांगली येते, आणि आईला फोन लावला. पलीकडे आई घाबरूनच म्हणाली, "काय गो, काय झालं? ही वेल नाय तुजी. कामात नाईस काय?"

"आहे," सहर म्हणाली. "तू ठेवू नकोस."